बाहेरच्या भिंतीला टाइल, दुसऱ्यांदा: एक उन्हाळा काढल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, यात दुकानाचं नाव नाही आणि ठेकेदाराचंही नाही. पहिल्या ठेकेदाराचं नाव टाकलं तर आमच्या गल्लीतच भांडण लागेल, तो तीन घरं सोडून राहतात त्यांचा भाचा आहे. आणि दुसऱ्यांदा ज्याने काम केलं त्या मिस्त्रीचं ना दुकान ना बोर्ड, त्याला विचारलं नंबर टाकू का तर म्हणे "नका टाकू ताई, आहे तेच लोक शिव्या देऊन राहिले वेळेवर येत नाही म्हणून". तर कामाबद्दलच लिहिते, जसं झालं तसं. घराच्या एलेव्हेशनला, म्हणजे समोरच्या दर्शनी भिंतीला, टाइल लावायचा विचार असेल तर चहा घेऊन बसा, लांबणार आहे.

आमचं घर नागपुरात बेसाकडे, ३० बाय ५० चा प्लॉट, खाली-वर बांधलेलं, तोंड पश्चिमेला. पश्चिम म्हणजे काय ते नागपूरवाल्याला सांगायला नको. दुपारी एकपासून सूर्य बुडेपर्यंत भिंत भाजत असते आणि रात्री नऊला बाहेरून हात लावला तरी तव्यासारखी लागते. २०२१ च्या डिसेंबरात समोरच्या भिंतीवर टाइल लावून घेतली, वरचा मजला आणि पर्दी (गच्चीचा कठडा) धरून ३४० चौरस फूट. शेजारी सगळ्यांनी लावली होती, आम्हीही लावली, याच्यापलीकडे खरं कारण नव्हतं. तेव्हा एकूण ४१ हजार लागले आणि पाच दिवसांत काम संपलं. पाच दिवसांत संपलं याचंच कौतुक आम्ही सगळ्यांना सांगत फिरायचो, आता आठवलं की स्वतःचंच हसू येतं.

मग २०२४ चा जून. त्याच्या आधीचा मे आठवत असेल, नागपुरात ५६ डिग्री झाल्याची बातमी सगळीकडे फिरली आणि नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. आपला नोंदलेला उच्चांक मे २०१३ चा, ४७.९. तो काही कमी आहे का! तर त्या मेनंतर पहिला दणकट पाऊस आला त्या रात्री साडेदहाच्या सुमारास बाहेर फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. सासूबाई आतून ओरडल्या, "काहून वं, काय पडलं?" बाहेर जाऊन पाहते तर वरून टाइल सुटून माझ्या स्कूटीच्या सीटवर पडलेली, सीट फाटून आतला फोम वर आला होता आणि टाइलचे चार तुकडे फाटकापर्यंत उडाले होते. तिथेच रोज सकाळी पोरगा व्हॅनची वाट पाहत उभा राहतो. मला रात्रभर झोप नाही.

सकाळी तुकडे गोळा करताना मी टाइलची पाठ पाहिली, आणि खरं तर सगळा रिव्ह्यू त्या पाठीवरच आहे. चार कोपऱ्यांना चार आणि मधे एक असे सिमेंटचे पाच लाडू, बाकी पाठ कोरी. त्या लाडवांच्या तोंडाला आमच्या जुन्या पिवळ्या रंगाची साल चिकटलेली, म्हणजे टाइल भिंतीला कधी चिकटलीच नव्हती, ती रंगाला चिकटली होती आणि रंगाने भिंत सोडली. आणि लाडवांच्या मधल्या पोकळीत कुंभारीण माशीची मातीची घरं, तीन. कुंभारणीने बांधलेलं घर आमच्या टाइलपेक्षा पक्कं होतं, ते खरवडायला स्क्रू ड्रायव्हर लागला.

पहिल्या ठेकेदाराला बोलावलं. आला बिचारा, नाही म्हणत नाही. वर पाहून म्हणाला उन्हाने झालं वहिनी, एकच तर पडली, दुसरी लावून देतो. मी म्हटलं बाकीच्यांचं काय, तर म्हणे बाकी एकदम पॅक आहे. दोन आठवड्यांनी आणखी दोन पडल्या, या वेळी दुपारी, अंगणात कोणी नव्हतं म्हणून वाचलो. मग त्याचा फोन लागेना.

आमचे हे चंद्रपूरला ड्युटीवर, त्यामुळे सगळी धावपळ माझ्याच अंगावर. तीन मिस्त्री आणून दाखवले. पहिल्याने रेट सांगितला, दुसऱ्याने त्याच्याहून दहा रुपये कमी रेट सांगितला, तिसऱ्याने रेट सांगितलाच नाही. परांचीसाठी बांबू आहेत का विचारलं, शेजाऱ्याची शिडी लावून वर चढला आणि थापीच्या दांड्याने एकेक टाइल ठोकत सुटला. भरीव असेल तर टक, पोकळ असेल तर ढप. ज्या ढप वाजल्या त्यांच्यावर खडूने फुली. शिडी सरकवत सरकवत दीड तास हेच. खाली उतरला तेव्हा २२७ पैकी १४० वर फुल्या होत्या. "ताई, हे पूर्ण काढा लागते. निम्मं ठेवून पैसे वाचवाल तं पुढल्या पावसात परत मलेच बोलवाल." हा माणूस मला तिथेच पटला. नंतर कुठेतरी वाचलं की जपानमध्ये इमारतीच्या बाहेरच्या टाइला दहा वर्षांनी अशाच ठोकून तपासायचा नियम आहे, म्हणजे आमचा मिस्त्री शिडीवर उभा राहून जे करत होता त्याला तिकडे कायदा आहे.

पण तो म्हणाला काम आत्ता नाही, दिवाळीनंतर. मी तर जुलैतच करायला निघाली होती. त्याने समजावलं की ओल्या भिंतीवर काही बसत नाही आणि उन्हाळ्यात मसाला लावल्या लावल्या सुकतो, आपल्याकडे बाहेरच्या टाइलसाठी नोव्हेंबर ते जानेवारी हेच दिवस. सैल टाइल मात्र त्याने दोन दिवसांत उतरवून दिल्या, त्याचे पैसे वेगळे. पावसाळाभर आमचं घर देवीचे व्रण उठल्यासारखं दिसलं. येणारा जाणारा विचारायचा, काय वो, घर पाडता की काय.

त्या तीन-चार महिन्यांत मी थोडा अभ्यास केला. ट्यूशन घेते, दहावीचं गणित, सवय जात नाही. उरलेल्या जुन्या टाइलपैकी एक घेऊन स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली, १,७४० ग्रॅम. बादलीत चोवीस तास बुडवली, पुसून परत ठेवली, १,९८५ ग्रॅम. म्हणजे २४५ ग्रॅम पाणी प्यायली, १४ टक्के. टाइलची वर्गवारीच यावर असते, १० टक्क्यांवर पाणी शोषणारी टाइल म्हणजे घराच्या आतल्या भिंतीची, किचन-बाथरूमची. अर्धा टक्का किंवा त्याहून कमी शोषणारी ती व्हिट्रिफाइड किंवा पोर्सेलीन. जुना खोका माळ्यावर सापडला, त्यावर स्पष्ट 'वॉल टाइल' छापलं होतं, दगडाचं डिझाइन पाहून आम्हाला दुकानात एलेव्हेशनची म्हणून विकली. सिरॅमिक पूर्ण वाईट असं मी म्हणत नाही हां, पण बाहेर लावायची तर पाणी किती पिते ते आधी पाहा. खोक्यावर लिहिलेलं नसेल तर सॅम्पल घरी आणून बुडवा, दुकानदार हसेल, हसू द्या.

आणि सिमेंटच्या घोलाने का पडते तेही मला तेव्हा कळलं. पाणी पिणारी टाइल कोरडीच लावली तर ती घोलातलं पाणी ओढून घेते, सिमेंटला पकडायला पाणीच उरत नाही, भुसभुशीत होतं. म्हणून जुने मिस्त्री टाइल हौदात बुडवून मग लावायचे. आमच्या पहिल्या ठेकेदाराने तेही केलं नाही, पाच दिवसांत संपवायचं होतं ना. आणि व्हिट्रिफाइड टाइल उलटी, ती पाणी पीतच नाही, पाठ काचेसारखी, तिच्यात सिमेंटला दात रोवायला जागाच नसते. म्हणजे दोन्हीकडून सिमेंट मरते, आणि तरी आपल्याकडे अजून निम्म्या घरांवर घोलच चालू आहे कारण गोणी स्वस्त पडते.

उन्हाचं गणित तर मी पोरांना ट्यूशनमध्ये घातलं. आमची भिंत नऊ मीटर रुंद. काँक्रीट किंवा सिमेंटचं प्लास्टर एक डिग्रीला एका मीटरमागे मिलीमीटरचा साधारण शंभरावा भाग वाढते, सिरॅमिक त्याच्या साठ टक्के. ४० डिग्री फरक धरला तर मागचं सिमेंट साडेतीन मिलीमीटरच्या वर वाढलं आणि टाइल दोनच्या थोडी वर. हा दीड मिलीमीटरचा फरक कुठे जाईल? टाइला एकमेकींना खेटून लावल्या असतील (आमच्या तशाच होत्या, 'बिना जॉइंट लुक' म्हणून वर पैसे घेतले होते) तर तो ताण सगळा चिकटलेल्या जागेवर येतो. त्यात आपल्याकडचा पहिला पाऊस दुपारभर तापलेल्या भिंतीवर येतो, टाइल झटक्यात थंड होते आणि मागचं प्लास्टर अजून गरमच. म्हणून त्याच रात्री पडली. उन्हाने झालं हे पहिला ठेकेदार बोलला ते अर्धं खरंच होतं, फक्त ऊन नागपुरात नवीन नव्हतं.

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, मिस्त्री आला. सोबत दोन पोरं. पहिले सहा दिवस एकही टाइल लागली नाही, मला वाटलं हा दिवस भरून राहिला. पण ते सहा दिवसच खरे कामाचे होते. उरलेल्या टाइला काढल्या, रंग ग्राइंडरने पूर्ण खरवडला, धुळीने समोरच्या काकाजींची गाडी पांढरी झाली आणि त्यांनी ऐकवलं. प्लास्टर ठोकून पोकळ भाग पाडला, बीम आणि विटांच्या सांध्यावर जिथे आडवी भेग होती तिथे कोंबडी जाळी ठोकून नवीन प्लास्टर, कन्हान नदीची रेती चाळून. त्या नवीन भागाची तराई मी स्वतः केली, सकाळ-संध्याकाळ पाइप घेऊन. आणि मग त्याने काम बंद ठेवलं. नवीन प्लास्टर महिनाभर पिकू द्या म्हणाला, तोवर तो आणि पोरं दुसऱ्या साइटवर. हे मला तेव्हा फार झोंबलं, घर अर्धवट आणि परांची दारात.

पर्दीचं त्याने सांगितलं नसतं तर मला कधीच सुचलं नसतं. आमच्या पर्दीचा माथा सपाट होता, पावसाचं पाणी तिथे साचून टाइलच्या मागून खाली उतरायचं. जुन्या टाइलवर पांढरे ओघळ यायचे, लोणा, ते मी ॲसिडने धुवायची, दोन महिन्यांत परत हजर. टाइल कितीही भारी लावा, वरून मागे पाणी जात असेल तर काही खरं नाही. त्याने माथ्यावर ग्रॅनाइटची पट्टी लावली, उतार गच्चीच्या आत, आणि बाहेर आलेल्या कडेच्या खालून ग्राइंडरने एक खाच मारली, म्हणजे पाणी पट्टीच्या पोटावरून मागे न येता तिथूनच टपकतं. पेन्सिलएवढी खाच. या पावसाळ्यात मी छत्री घेऊन मुद्दाम उभी राहून पाहिलं, थेंब बरोब्बर त्या खाचेवरून सुटतात.

आता टाइल आणि अॅढेसिव्ह, म्हणजे टाइल चिकटवायचा गोणीतला तयार मसाला. टाइल वर्धमान नगरच्या बाजूच्या एका दुकानातून घेतली, गुजरातमधल्या मोरबीची, एक बाय दोन फूट, मॅट, फिकट वाळूचा रंग. गडद रंग मला आवडला होता, ग्रेफाइट की काय म्हणतात तो, पण मिस्त्री म्हणाला पश्चिमेला काळी टाइल म्हणजे भिंतीवर तवा. दुकानदार चांगला होता, सॅम्पल मागितलं तर दिलं, घरी बुडवली, ३,६५० ग्रॅमची ३,६५५ झाली. पाच ग्रॅम. मग ३२ खोके घेतले, ६५ रुपये चौरस फूट. खोक्यांचा बॅच नंबर आणि शेड नंबर दुकानातच जुळवून घ्या, आमचे दोन खोके वेगळे निघाले आणि घरी आल्यावर कळलं, बदलून दिले पण टेम्पोचं भाडं माझ्या गळ्यात.

अॅढेसिव्हमध्ये रॉफ, एमवायके लॅटिक्रीट, वेबर अशी बरीच नावं आहेत आणि प्रत्येकाच्या दहा-दहा गोण्या, स्वस्त महाग सगळ्या, दिसायला सारख्या. कंपनी कोणतीही घ्या, गोणीवर आयएस १५४७७ (अॅढेसिव्हचं भारतीय मानक) आणि त्याचा टाइप लिहिलेला असतो तो वाचा, आणि बाहेरच्या कामासाठी सी२ असलेली, जमलं तर पुढे टीई एस१ लिहिलेली घ्या. सी२ म्हणजे पकड सी१ च्या दुप्पट, टी म्हणजे उभ्या भिंतीवर टाइल खाली घसरत नाही, ई म्हणजे लावल्यावर सुकायच्या आधी थोडा जास्त वेळ मिळतो, आणि एस१ म्हणजे सुकल्यावरही थोडं वाकतं, ते उन्हासाठी. टाइप १ ची गोणी स्वस्त मिळते म्हणून आणू नका, ती घरातल्या साध्या टाइलसाठी आहे. आम्हाला १० गोण्या लागल्या, ८५० ची एक. दुकानदार सहा पुरतील म्हणाला होता, पण तो हिशोब पातळ थराचा आणि लाडू पद्धतीचा.

लावायचा पहिला दिवस मी ट्यूशनला सुट्टी देऊन पूर्ण पाहिला. सकाळी सातला सुरू आणि साडेबारालाच बंद, कारण तोवर पश्चिमेची भिंत सावलीत असते. वर हिरवी जाळीही बांधली. २० किलोच्या गोणीला पाच लिटरच्या आसपास पाणी, मापाने, बादलीत आधी पाणी मग पावडर, ड्रिलला पंखा लावून फिरवलं, पाच मिनिटं तसंच ठेवलं, परत फिरवलं. तासाभराने मसाला घट्ट व्हायला लागला तसं पोरगं मग्गाभर पाणी टाकायला गेलं तर मिस्त्री परांचीवरून असा ओरडला की मीच दचकली. "एकदा भिजवला का भिजवला बे! घट्ट झाला तं फेक तो." तो दीड-दोन किलो मसाला खरंच फेकला, माझ्या पैशाचा होता पण मला बरं वाटलं.

टाइलच्या पाठीवर पांढरी पावडर असते, भट्टीत रोलरला चिकटू नये म्हणून लावलेली, ती त्याने ओल्या फडक्याने प्रत्येक टाइलची पुसून घेतली. मग भिंतीवर दातेरी थापीने मसाला, सगळ्या रेषा एकाच दिशेला सरळ, आणि टाइलच्या पाठीवरही पातळ हात, पोळीला तूप लावतात तसा. टाइल दाबून थोडी रेषांना आडवी सरकवायची म्हणजे रेषा मोडून हवा बाहेर निघते. तिसरी टाइल लावली आणि त्याने मला हाक मारली, "ताई, इकडं या," आणि लावलेली टाइल फटकन ओढून काढून पाठ दाखवली. कोपऱ्यापर्यंत मसाला, कुठे रेष नाही, कुठे कोरं नाही. बाहेरच्या कामाला पाठीचा ९५ टक्के भाग मसाल्याने भरलेला पाहिजे, घरात कोरड्या जागी ८० चालून जातं. पहिल्या वेळी आमचं किती होतं ते पाच लाडवांवरून तुम्हीच काढा. मिस्त्री कसा आहे हे पाहायचं असेल तर हीच परीक्षा, एक लावलेली टाइल काढून दाखव म्हणा. जो चिडेल त्याला चहा पाजून परत पाठवा.

सगळीकडे तीन मिलीमीटरचे स्पेसर, म्हणजे दोन टाइलांमधे फट ठेवणारे तुकडे. आणि दर दहा फुटांवर एक उभी फट, स्लॅबच्या लेव्हलला एक आडवी फट, तिथे ग्राउट (टाइलांमधल्या फटी भरायचा मसाला) नाही, आत फोमची गोल दोरी आणि वरून पीयू सीलंट, रबरासारखं दबतं. नऊ मीटरचा ताण तिथे तीन भागांत वाटला जातो, वर काढलं ते गणित. वरच्या तीन ओळींना स्टेनलेस स्टीलच्या क्लिपाही लावल्या, टाइलच्या कडेत मागून खाच मारून, भिंतीत स्क्रूने. एवढ्या उंचीला नसत्या लावल्या तरी चाललं असतं म्हणाला, पण पोराची व्हॅनची जागा खालीच आहे, मीच म्हटलं लावा.

खर्च. टाइल २४ हजार, अॅढेसिव्ह साडेआठ, मजुरी परांची धरून ७५ रुपये फुटाने साडेपंचवीस, जुनी काढणे आणि मलबा सात, प्लास्टर नऊ, सीलंट आणि ग्राउट मिळून पाचच्या आत. ८० हजाराच्या जवळ गेलं, पर्दीची ग्रॅनाइट आणि क्लिपा वेगळ्या. पहिले ४१ हजार पाण्यात गेले ते धरले तर मी आकडा लिहीतच नाही, आमचे हे वाचतात. आणि प्रामाणिकपणे, आज भिंत कोरी असती तर मी पश्चिमेच्या वरच्या मजल्याला टाइल लावलीच नसती, खाली तीन-चार फूट लावून वर चांगला टेक्स्चर पेंट मारला असता, निम्म्यात झालं असतं. पण एकदा सगळ्या भिंतीला व्रण पडले की निवड उरत नाही.

तक्रारी आहेत, का नसतील. मधेच मिस्त्री पाच दिवस गायब, लग्नसराई, साळ्याचं लग्न, फोन उचलून "येऊन राहिलो ताई" आणि मागे बँडचा आवाज. खिडकीच्या ग्रिलवर अॅढेसिव्हचे शिंतोडे उडाले ते अजून तसेच आहेत, वाळल्यावर निघत नाही ते, त्याच दिवशी ओल्या फडक्याने पुसायला लावा. मॅट टाइलवर ग्राउटचा धुरकट थर राहिला, पोरांनी घाईत पुसलं, मला नंतर रविवारभर स्पंज घेऊन बसावं लागलं. आणि सीलंटचा रंग टाइलहून अर्धा शेड गडद आला. त्या उभ्या रेषा दिसतात, दुपारच्या उन्हात तर चांगल्याच दिसतात. सासूबाईंच्या मैत्रिणी आल्या होत्या हळदीकुंकवाला, एक जण म्हणाल्या भिंतीला चिरा कशा पडल्या वो एवढ्यात. सासूबाईंनी त्यांना अशी काही समजूत घातली, फट का ठेवा लागते, ऊन कसं ओढते, की मला वाटलं उद्यापासून ट्यूशन यांनीच घ्यावी.

पाचपैकी चार देईन. एक कापला तो ग्रिलचा आणि पाच दिवसांचा.

उन्हाळा गेला. मेमध्ये भिंत किती तापते ते मोजायला कोरोनातलं कपाळावर धरायचं थर्मामीटर लावून पाहिलं, त्याने आकडा न दाखवता नुसतं 'हाय' लिहून हात वर केले. पहिला पाऊस आला त्या रात्री मी आणि सासूबाई दोघी जाग्याच होतो, कोणी कोणाला बोललं नाही, अकरा वाजेपर्यंत नुसतं ऐकत बसलो. काही नाही. सकाळी शिडीवर चढून रुपयाच्या नाण्याने ठोकून पाहिलं, टक टक टक, ऐकायला छान वाटतं. फक्त मीटरच्या पेटीवरची एक टाइल, उजवा कोपरा, तिथे थोडं ढप येतं, इलेक्ट्रिशियनने नंतर वायरसाठी भोक पाडलं होतं त्याच्याच बाजूला. पेन्सिलने गोल करून ठेवला आणि मिस्त्रीला फोटो पाठवला, तो म्हणे क्लिप मारून देतो, पोळा झाला का येतो. तोवर स्कूटी मी मागच्या अंगणात लावून राहिली.